पुठ्ठ्याचा पियानो वाजतो कसा?

निन्टेन्डोचा पुठ्ठ्याचा पियानो पहिल्यांदा हातात आला की माणूस तो आधी उलटा करून बघतो. वायर कुठंय? पट्ट्यांखाली बटणं असतीलच ना? काहीही नाही. आत नुसता पुठ्ठा.

एप्रिल २०१८ मध्ये या जपानी कंपनीनं आपल्या 'स्विच' या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी 'लॅबो' हे संच आणले. पुठ्ठ्याच्या तावातून तुकडे सोडवायचे, घड्या घालायच्या, खाचेत खोचायचे. कात्री नको, डिंक नको. मासे पकडायचा गळ, मोटारसायकलचं हँडल, थरथरत सरकणारी गाडी असं बरंच काही त्यात होतं. पियानो जोडायला मात्र अडीच-साडेतीन तासांची बैठक मारावी लागते. पट्ट्या तेरा, म्हणजे सा ते वरचा सा.

खरी गंमत स्विचच्या उजव्या हातातल्या 'जॉय-कॉन' या कंट्रोलरमध्ये आहे. त्याच्या बुडाशी अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा असतो. हा जॉय-कॉन पियानोच्या मागच्या खाचेत बसतो आणि स्वतःच अवरक्त प्रकाश टाकून आतल्या अंधारात बघत राहतो. पट्टी दाबली की तरफेसारखं तिचं आतलं टोक वर येतं. त्या टोकाला चंदेरी स्टिकर असतो. चित्रात ठिपका कुठं चमकला यावरून स्वर ठरतो, आणि आवाज येतो स्विचच्या स्पीकरमधून.

मग साधा आरसा का नाही चिकटवला? आरशात आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे. आरसा जरा कलला की प्रकाश भलतीकडे जाणार, आणि हातानं घडी घातलेला पुठ्ठा तर कलणारच. म्हणून प्रकाश आला त्याच दिशेनं परत पाठवणारा स्टिकर हवा. हायवेवरच्या पाट्या हेडलाइटमध्ये झळकतात त्या याच युक्तीनं. अशा पृष्ठभागात काचेचे बारीक मणी असतात किंवा एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन आरशांचे इवलेसे कोपरे. कोपऱ्यातला प्रत्येक आरसा किरणाच्या दिशेचा एकेक घटक उलटवतो. (अ, ब, क) दिशेनं आलेला किरण तीन परावर्तनांनंतर (−अ, −ब, −क) दिशेनं निघतो, म्हणजे थेट माघारी! कोपरा थोडा तिरका असला तरी बिघडत नाही.

मोबाइलमागे चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर शेकड्यांनी खपतात, त्यांच्यामागे असलं काही गणित नसतं. आणि लॅबोचं वर्णन करताना लोक 'जिवंत पुठ्ठा' वगैरे म्हणतात तेव्हाही मला हसू येतं. पुठ्ठा फक्त स्टिकर हलवतो. शिवाय सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर, त्यामुळे कडक उन्हात कॅमेरा गोंधळतो.

मला सगळ्यात आवडलेली करामत वेगळीच आहे. कार्डाची कड हवी तशी कापून पियानोच्या वरच्या फटीत घाला. कॅमेरा ती कड वाचतो आणि तिलाच ध्वनितरंगाचा आकार मानून स्वर तयार करतो. कड लाटेसारखी गुळगुळीत असेल तर आवाज मऊ येतो. करवतीच्या दात्यांसारखी कापली तर तो कर्कश होतो, कारण टोकदार आकारात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा वरच्या वारंवारता जास्त जोरानं मिसळलेल्या असतात.