चीनमधील खासगी पुनर्वापरक्षम रॉकेट उद्योग

पहिला टप्पा (रॉकेटचा सर्वांत खालचा, उड्डाणाच्या सुरुवातीस पेटणारा भाग) उड्डाणानंतर जमिनीवर उभा उतरवून पुन्हा वापरता येईल, अशी रॉकेटे घडवण्यासाठी चिनी खासगी कंपन्यांनी चालवलेला उद्योग. सरकारी महामंडळांच्या हाती असलेले अवकाश क्षेत्र २०१४ मध्ये राज्य परिषदेच्या (चीनच्या मंत्रिमंडळाच्या) ६० क्रमांकाच्या दस्तऐवजाने खासगी भांडवलाला खुले केले आणि पुढील काही वर्षांत लँडस्पेस, आय-स्पेस, स्पेस पायोनिअर यांसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या.

जुलै २०१९ मध्ये आय-स्पेसच्या हायपरबोला-१ ने कक्षा गाठली. चिनी खासगी कंपनीचे हे पहिले यश. ते रॉकेट मुख्यतः घन इंधनावर चालणारे होते. घन इंधन एकदा पेटले की हवे तेव्हा विझवून पुन्हा पेटवता येत नाही आणि उतरताना तर नेमके तेच करावे लागते. त्यामुळे द्रव इंधनाकडे वळणे भागच होते. त्यातही लँडस्पेसने मिथेन निवडला. रॉकेल जळताना इंजिनाच्या आत काजळी धरते, मिथेन पुष्कळच स्वच्छ जळतो आणि तेच इंजिन पुन्हा वापरायचे असेल तर हा फरक मोलाचा ठरतो. १२ जुलै २०२३ रोजी लँडस्पेसचे झूच्युए-२ हे मिथेन व द्रव ऑक्सिजनवर कक्षेत पोहोचणारे जगातील पहिले रॉकेट ठरले. अमेरिकी कंपन्याही त्याच प्रयत्नात असताना मिळालेले हे यश खरोखर मोठे आहे.

वाट मात्र खडतर होती. ३० जून २०२४ रोजी हनान प्रांतातील गोंगयी येथे स्पेस पायोनिअरच्या तिएनलाँग-३ चा पहिला टप्पा जमिनीवरील चाचणीत चाचणी-मंचाशी जोडणारी बांधणी तुटून आपसूक उडाला आणि सुमारे दीड किलोमीटरवरच्या डोंगरात कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लँडस्पेसचे चाचणी-रॉकेट दहा किलोमीटर उंच जाऊन, वाटेत इंजिन बंद करून पुन्हा पेटवून, सुखरूप उतरले.

हजारो उपग्रहांचे इंटरनेट-जाळे उभारण्याच्या चिनी योजनांना स्वस्त आणि वारंवार उड्डाणे हवी आहेत; या खटाटोपामागील निकड ती आहे. ३ डिसेंबर २०२५ रोजी स्टेनलेस स्टीलचे, नऊ इंजिनांचे झूच्युए-३ पहिल्याच उड्डाणात कक्षेत पोहोचले. परतणारा पहिला टप्पा मात्र अखेरच्या क्षणी ज्वलन बिघडल्याने पेटला आणि उतरण्याच्या जागेलगतच आदळला. त्याच महिन्यात सरकारी लाँग मार्च-१२ए चा पहिला टप्पा उतरवण्याचा प्रयत्नही फसला.