सरबतात कांदा कुठून आला?

परवा पाहुण्यांना कोकम सरबत दिलं, वरून फ्रीजने आपोआप बनवलेले बर्फाचे खडे. पहिल्याच घोटाला प्रश्न आला, "यात कांदा आहे का?" कांदा होता, पण फ्रीजमध्ये. अर्धा चिरलेला, झाकण न लावलेला.

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा फ्रीझरच्या मागे तयार होतो आणि पंखा तीच हवा सगळ्या कप्प्यांत खेळवतो. हवेसोबत वासाचे रेणूही हिंडतात आणि बर्फावर बसतात. बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि त्यामुळे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात, असं शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८५० मध्येच मांडलं होतं. शिवाय बर्फाची थेट वाफ होऊन तो झिजतो आणि ती वाफ खड्यांच्या फटींत पुन्हा गोठते. डब्यात जुन्या बर्फाचा ढेकूळ होतो तो असा.

बर्फ जुना होतो, कारण तो बनवणारं फ्रीजमधलं यंत्र शहाणं आहे. विजेवर चालणारी झडप उघडून साच्यात पाणी भरतं. साचा उणे नऊ-दहा अंशांपर्यंत उतरला की त्याखालचा हीटर क्षणभर तापतो, खडे सुटतात आणि फिरणारे दाते ते डब्यात लोटतात. (काही फ्रीजमध्ये हीटर नसतो, ट्रेच पिळला जातो.) डबा भरला की बर्फाची पातळी जोखणारी दांडी वर अडकून राहते आणि काम थांबतं. आपण बर्फ वापरला नाही, तर तोच बर्फ महिनोन्‌महिने पडून.

वासापेक्षा मला काळजी वाटते ती पाण्याची. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे नुसते थांबतात आणि सरबतात बर्फ वितळला की जागे होतात. फ्रीजमधला कार्बन फिल्टर चव सुधारतो, पण जंतूंना रोखणारं क्लोरीनही काढून घेतो. म्हणून यंत्राला पिण्यायोग्य पाण्याचीच जोडणी हवी आणि फिल्टर साधारण दर सहा महिन्यांनी बदलायला हवा. बोअरवेलच्या जड पाण्याने झडपेत क्षार साचतात. खडे बारीक किंवा पोकळ निघू लागले, तर साच्यात पाणी कमी पडतंय असं समजा.

आत हात घालण्याआधी प्लग काढाच. दाते अचानक फिरतात, हीटर चटका देतो. आणि अडकलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने टोकरू नका. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजच्या नळ्यांत थंडावा देणारा आयसोब्युटेन वायू असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. नळीला भोक पडलं, तर नुसता फ्रीज बिघडून भागत नाही, आगीचाही धोका असतो. फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप सुटतो.

आमचा डबा खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतला, पुसून पूर्ण कोरडा केला आणि मगच परत लावला. ओला लावला असता, तर पहिलेच खडे तळाला चिकटून बसले असते. नंतरच्या दोन खेपा बादलीत वितळवून कुंड्यांना घातल्या. तिसऱ्या खेपेच्या बर्फाला कसलाच वास नव्हता.