आधार लॉक आणि बायोमेट्रिक लॉक: कुलूप नेमके कशाला लागते?

भाडेकराराची नोंदणी घरी येऊन करून देणारा एजंट अंगठ्याचे यंत्र टेबलावर ठेवतो, घरमालक तीन-तीन वेळा अंगठा टेकवतात, पडताळणी होत नाही, आणि मग त्यांना आठवते की मागे कधीतरी आपण ‘आधार लॉक’ केले होते. हा प्रसंग दोन वेगळ्या कारणांनी घडू शकतो, कारण आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाने दोन निरनिराळी कुलुपे दिली आहेत. एक आधार क्रमांकाला लागते, दुसरे बायोमेट्रिकला. बोलताना दोन्हींना सर्रास ‘आधार लॉक’च म्हटले जाते; ती उघडण्याची पद्धत मात्र वेगळी आहे आणि चोराची कोणती वाट बंद होते तेही वेगळे आहे.

बायोमेट्रिक लॉक केल्यावर बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांवरून होणारी पडताळणी थांबते. आधारचा बारा अंकी क्रमांक दिला काय किंवा त्याऐवजी वापरायचा सोळा अंकी व्हीआयडी (व्हर्च्युअल आयडी) दिला काय, अंगठा चालत नाही. ओटीपीची पडताळणी पूर्वीसारखीच चालू राहते. या कुलपाचे महत्त्व ‘एईपीएस’ या आधारवर चालणाऱ्या बँक-व्यवहाराच्या सेवेमुळे विशेष वाढले आहे. गावातल्या बँक मित्राकडून खात्यातले पैसे काढताना बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढे पुरते; कार्ड, पिन किंवा ओटीपी लागत नाही. जिथे एटीएमसाठी तालुक्याला जावे लागते तिथे ही सोय मोलाची आहे, परंतु तिची कमजोरीही तिच्या या सोपेपणातच आहे. खरेदीखतासारख्या नोंदणीकृत दस्तावर पक्षकारांचे ठसे असतात, आणि अनेकदा आधारची प्रतही जोडलेली असते. तेलंगणात 2018 साली एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे उचलून त्यांवरून बनावट अंगठे तयार केल्याचे उघडकीस आले होते. चोरीस गेलेला पिन बदलून घेता येतो. ठशाच्या बाबतीत ती सोय नसल्यामुळे, गरज नसेल तेव्हा तो वापरातूनच बंद ठेवणे एवढाच उपाय उरतो. स्वतःला अंगठा द्यायचा असेल तेव्हा नोंदणीकृत मोबाइलवरचा ओटीपी देऊन दहा मिनिटांपुरते हे कुलूप उघडता येते आणि नंतर ते आपोआप पुन्हा लागते.

आधार क्रमांकाचे लॉक याहून कडक आहे. ते लावल्यावर त्या बारा अंकी क्रमांकावरून कोणतीच पडताळणी होत नाही, म्हणजे अंगठ्याने नाही, नाव-पत्ता जुळवून नाही आणि ओटीपीनेही नाही. आपल्याला स्वतःला काही काम करायचे असल्यास व्हीआयडी द्यावा लागतो, आणि हे कुलूप उघडायलाही सर्वांत अलीकडचा व्हीआयडीच लागतो. वर उल्लेखिलेल्या घरमालकांची अडचण नेमकी इथे होते, कारण हा सोळा अंकी आकडा फार थोड्यांना पाठ असतो. तो हरवला असल्यास नोंदणीकृत मोबाइलवरून 1947 या क्रमांकावर ‘आरव्हीआयडी’ ही अक्षरे इंग्रजीत, जागा सोडून आधारचे शेवटचे चार अंक असा एसएमएस केल्यास परत मिळतो.

इथे एक बारकावा सहज सुटतो. पीव्हीसी आधार कार्डावर बारा अंकी क्रमांकाखाली व्हीआयडीही छापलेला असतो. लॉजच्या काउंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात अशा कार्डाची प्रत राहिली, तर क्रमांकाला कुलूप लावूनही त्याची किल्ली त्याच कागदावर राहते. म्हणून क्रमांक लॉक करण्यापूर्वी नवा व्हीआयडी तयार करून घ्यावा. एका वेळी एकच व्हीआयडी चालत असल्याने छापलेला जुना आपोआप रद्द होतो.

माझ्या मते बहुतेकांनी आधी बायोमेट्रिक लॉक करावे. क्रमांकाचे लॉक त्यांनीच लावावे, ज्यांना व्हीआयडी जपून ठेवणे आणि मागितल्यावर देणे जमणार आहे. रेशन दुकानात दर महिन्याला अंगठा देणाऱ्या किंवा नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देणाऱ्या वृद्धांच्या घरी मात्र दहा मिनिटांची ती किल्ली कोण फिरवणार हे आधी ठरवलेले बरे, नाहीतर वयामुळे झिजलेल्या ठशांना उगाच दोष दिला जातो. यंत्रावर 330 हा त्रुटी-क्रमांक आला, तर बायोमेट्रिक लॉक आहे असे समजावे.

दोन्ही कुलुपे फक्त पडताळणी अडवतात. कोणी आधारची झेरॉक्स नुसती फाइलला लावून काम उरकणार असेल, तर यूआयडीएआयकडे विचारणाच होत नाही आणि कुलपाचा संबंधच येत नाही. त्या बाजूने पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार देणे आणि प्रतीवर ती कोणाला, कशासाठी व कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहिणे उपयोगी पडते. कुलूप लावण्याआधी काही घडले होते का, हे पाहण्यासाठी यूआयडीएआयच्या मायआधार या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांतील पडताळण्यांची नोंद मिळते. तिथे अनोळखी नोंद दिसली आणि खात्यातून पैसेही गेले असतील, तर बँकेला कळवून 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.