फॉरमॅट मारायच्या आधी ब्राउझरच्या पोटात डोकावा

मामेभावाचा लॅपटॉप फार स्लो झाला म्हणून त्याने दुकानात फॉरमॅटला दिला. दुकानवाल्याने रीतसर विचारलं, डेटा काय काय घ्यायचाय? हा म्हणाला फोटो आणि डॉक्युमेंट घ्या, बाकी काही नाही. रात्री मला फोन, "दादा, बुकमार्क सगळे उडाले रे, आणि लाईटबिलाच्या साईटचा पासवर्ड पण आठवत नाहीये." आता ह्यात दुकानवाल्याची काही चूक नाही, 'बाकी काही नाही' मध्येच सगळं होतं.

कारण ब्राउझरचा डेटा डेस्कटॉपवर दिसत नाही. विंडोजमध्ये तो ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि ते फोल्डर लपवलेलं असतं. भाऊ फायरफॉक्सवाला, म्हणून त्याचंच सांगतो. फायरफॉक्स प्रत्येक युजरचं एक प्रोफाइल फोल्डर बनवतो, नावाच्या सुरुवातीला आठ अगम्य अक्षरं असतात, आणि आत तुमचा सगळा संसार. प्लेसेस डॉट एसक्यूलाइट ह्या एकाच फाईलमध्ये हिस्ट्री आणि बुकमार्क दोन्ही, कुकीजची फाईल वेगळी, सेटिंग्जची वेगळी. शोधत बसायची गरज नाही, मेनूतल्या हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपनचं बटण आहे. फोल्डर सापडलं की फायरफॉक्स बंद करा आणि अख्खं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाका, झालं.

बंद का करायचा? तर ती प्लेसेसची फाईल म्हणजे एसक्यूलाइट नावाच्या प्रकारचा डेटाबेस, म्हणजे नोंदींची वही, आणि त्याचं काम आपल्या जुन्या दुकानांसारखं चालतं. दिवसभराचा व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग सवडीने खतावणीत. इथे पण नवीन नोंद आधी बाजूच्या एका छोट्या फाईलमध्ये पडते आणि नंतर मुख्य फाईलमध्ये चढते. ब्राउझर चालू असताना नुसती मुख्य फाईल कॉपी केली तर तुमच्या हातात खतावणी येते पण आजची कीर्द राहून जाते, आणि दोन्ही घेतल्या तरी मधेच कोणी लिहीत असेल तर हिशोब जुळेलच असं नाही.

पासवर्डची गंमत अजून वेगळी. फायरफॉक्समध्ये लॉगिन्स डॉट जेसन ही पेटी आणि की४ डॉट डीबी ही तिची किल्ली, एकच कॉपी केली तर उपयोग शून्य. आणि दोन्ही दुसऱ्या कोणाच्या हाती लागल्या आणि तुम्ही प्रायमरी पासवर्ड (म्हणजे सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डना मिळून लावलेलं एक कुलूप) ठेवला नसेल तर त्याला सगळं उघडं, म्हणून तो पेनड्राइव्ह टेबलावर टाकून फिरू नका. क्रोमचं उलटं आहे, विंडोजवर त्याची किल्ली तुमच्या विंडोज अकाउंटला बांधलेली असते, त्यामुळे फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या मशीनवर नेलं तरी पासवर्ड उघडत नाहीत. तिथे पासवर्ड एक्सपोर्ट करावे लागतात, आणि ती फाईल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये कोणीही वाचेल, काम झालं की लगेच डिलीट करायची, रिसायकल बिनमधून सुद्धा.

"पण माझं सिंक चालू आहे ना" असं बरेच जण म्हणतात, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरचा ब्राउझरचा डेटा आपोआप सारखा ठेवणारी सोय. मी पण म्हणायचो. एकदा बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर बुकमार्कचं एक फोल्डर साफ केलं, घरी येऊन बघतो तर लॅपटॉपवरूनही गायब. सिंकचं कामच ते, इथे खोडलं की तिथे खोड. मला वाचवलं ते प्रोफाइलमधल्या बुकमार्कबॅकअप्स नावाच्या फोल्डरने, फायरफॉक्स तिथे गुपचूप शेवटच्या साधारण १५ दिवसांच्या प्रती ठेवत असतो. कंट्रोल शिफ्ट ओ दाबा, इम्पोर्ट अँड बॅकअप, रिस्टोअर, तारीख निवडा. फक्त एक, रिस्टोअर केलं की सध्याचे बुकमार्क जाऊन त्या तारखेचे येतात, म्हणून आधी आत्ताच्यांची एक प्रत काढून ठेवा.

आता एआयचा मुद्दा, कारण भावाचं दुसरं गाऱ्हाणं तेच होतं, "ते चॅटबॉटचं बटण मी काढलं होतं, परत कुठून आलं?" अहो, सेटिंग्ज पण त्याच प्रोफाइलमध्ये असतात. प्रोफाइल गेलं, नवीन कोरं आलं, आणि कोऱ्या पाटीवर कंपनीची आवड असते, तुमची नाही.

पण एआय म्हटलं की सगळं एकाच मापाने मोजू नका. फायरफॉक्सचं भाषांतर, जे २०२३ साली ११८ व्या व्हर्जनमध्ये आलं, ते तुमच्याच मशीनवर चालतं, मॉडेल एकदा डाउनलोड होतं आणि पान बाहेर कुठे जात नाही. साइडबारमधल्या चॅटबॉटला मात्र तुम्ही जे द्याल ते थेट त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. माझ्या मते आधी बंद करायचं ते हे, भाषांतर राहू दे खुशाल. मशीनवर चालणारं म्हणजे फुकट असंही नाही हं, क्रोममधलं जेमिनी नॅनो नावाचं छोटं एआय मॉडेल डाउनलोड व्हायला गुगल २२ जीबी मोकळी जागा मागतं आणि नंतर जागा १० जीबीच्या खाली गेली तर मॉडेल आपणहून काढून टाकतं. जुन्या १२८ जीबीच्या लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं बोला!

फायरफॉक्सने फेब्रुवारी २०२६ मध्ये १४८ व्या व्हर्जनला सेटिंग्जमध्ये एआय कंट्रोल्स आणले. त्यात एकच मोठं बटण आहे, दाबलं की सगळं बंद, पुढे येणारं नवीन काही असेल ते पण. त्या 'सगळ्यात' भाषांतरही येतं, ते हवं असेल तर खाली वेगळं चालू करून घ्यायचं.

भावाचे पासवर्ड मिळाले, फोनमध्ये सेव्ह होते. बुकमार्क नाही मिळाले. परवा त्याने एआय बंद करायचं ते मोठं बटण दाबलं, फायरफॉक्स बंद केला आणि फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, मग मला फोटो पाठवला, पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय, "बाकी काही नाही".