इन्स्टंट कॅमेरा : जुना की नवा

ज्या कॅमेऱ्याची फिल्म लॅबमध्ये न जाता जागच्या जागी डेव्हलप होते तो इन्स्टंट कॅमेरा. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद करायची घोषणा केली, त्याआधीचा तो जुना आणि नंतरचा तो नवा अशी विभागणी सोयीची पडते, फक्त फुजीचा इन्स्टॅक्स त्यात बसत नाही कारण तो १९९८ पासून न थांबता चालूच आहे.

उगमाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सापडते. १९४३ च्या सुमारास पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांच्या छोट्या मुलीने फोटो लगेच का दिसत नाही असं विचारलं आणि तिथून सगळं सुचलं. गोष्ट स्वतः लँड यांनीच सांगितलेली आहे, पण निगेटिव्हमध्ये न वापरलं गेलेलं चांदीचं संयुग दुसऱ्या कागदावर सरकवून तिथे पॉझिटिव्ह उमटवायची पद्धत (डिफ्यूजन ट्रान्सफर) युरोपात गेव्हर्ट कंपनीत आंद्रे रॉट आणि आग्फा कंपनीत एडिथ वाइडे यांनी साधारण १९४० च्या आसपास स्वतंत्रपणे शोधली होती, कागदपत्रांच्या कॉप्या काढण्यासाठी. त्यामुळे सगळं श्रेय त्या एका प्रश्नाला देणं जरा जास्तच होतं. रसायनाची पुडी, रोलर आणि फिल्म एकाच कॅमेऱ्यात बसवणं हे मात्र लँड यांचंच काम, आणि हेच मत जास्त पटतं. प्रात्यक्षिक २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये झालं, विक्री १९४८ च्या अखेरीस, आणि फोटो आपोआप बाहेर टाकणारा पोलरॉइडचा घडीचा कॅमेरा एसएक्स-७० आला १९७२ मध्ये.

निवड करताना मॉडेलच्या वयापेक्षा फिल्मवर प्रकाश कुठल्या बाजूने पडतो हे आधी समजून घ्यावं. एसएक्स-७० पासूनच्या पोलरॉइड फिल्मवर प्रकाश ज्या बाजूने पडतो त्याच बाजूने आपण फोटो बघतो, म्हणजे चित्र आरशासारखं उलटं येणार, म्हणून आत खराखुरा आरसा लागतो आणि कॅमेरा पोटाला फुगीर होतो. इन्स्टॅक्समध्ये प्रकाश मागून पडतो आणि फोटो पुढून दिसतो, आरसा नको. याचा परिणाम डेव्हलप होतानाही दिसतो, कारण पोलरॉइडचा फोटो बाहेर येतो तेव्हा त्याची कच्ची बाजूच उजेडाकडे असते आणि तिला फक्त रसायनातला एक गडद रंग वाचवतो. २००८ नंतर इम्पॉसिबल प्रोजेक्ट नावाच्या नव्या कंपनीने पोलरॉइडच्या नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या कारखान्यातली मशिनरी घेतली, पण जुनी रसायनं मिळत नव्हती म्हणून फिल्म जवळपास नव्याने बनवावी लागली. आजही ती पालथी ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, इन्स्टॅक्सचा फोटो मात्र बाहेर आला की टेबलावर उताणा ठेवला तरी चालतो.

फिल्म मिळते का हा पुढचा प्रश्न, आणि इथेच खूप लोक फसतात. कोडॅकचे इन्स्टंट कॅमेरे पेटंटच्या खटल्यामुळे १९८६ मध्येच संपले, सोलून काढायच्या पॅकफिल्मचा फुजीचा शेवटचा रंगीत प्रकार २०१६ मध्ये बंद झाला, पोलरॉइडच्याच स्पेक्ट्रा कॅमेऱ्यांची फिल्म २०१९ मध्ये. हे कॅमेरे कितीही चकचकीत असले तरी वापरायला घेऊ नयेत. पोलरॉइडच्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी एसएक्स-७० आणि ६०० या दोन घराण्यांची फिल्म मिळते. ६०० ची फिल्म बरीच फास्ट असते, म्हणजे तिला कमी प्रकाश पुरतो, ती एसएक्स-७० मध्ये टाकली तर फोटो पांढरे पडतात, त्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच) लावतात. या दोन्हींची बॅटरी फिल्मच्या पॅकमध्येच असते, २०१६ ला आलेल्या आय-टाइप या नव्या प्रकारच्या पॅकमध्ये ती नसते, म्हणून आय-टाइप जुन्यात चालत नाही, उलट ६०० ची फिल्म नव्या आय-टाइप कॅमेऱ्यात चालते.

कॅमेरा हातात घेऊन बघायचं तर आधी रोलर. फिल्मचं दार उघडलं की दोन बारीक दांडे दिसतात, त्यांच्यावर वाळलेल्या पेस्टचा कण चिकटलेला असला तर प्रत्येक फोटोत ठराविक अंतरावर तोच डाग येतो, ओल्या कापडाने पुसलं की जातो. एसएक्स-७० चा एसएलआर फाइंडर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) आणि साधारण २६ सेंटिमीटरवरून होणारा फोकस नव्या बहुतेक मॉडेल्सना अजून जमलेला नाही, आणि ज्याला तेच हवंय त्याने जुनाच घ्यावा, दुरुस्त करून सर्व्हिस केलेला. लग्नकार्यात पटापट वाटायला इन्स्टॅक्स, पॅकमध्ये पोलरॉइडच्या ८ ऐवजी १० फोटो. जुना ६०० विकत घेताना विकणाऱ्याकडे वापरून संपलेला एखादा पॅक मागावा, त्यातल्या बॅटरीत बहुतेकदा थोडा जीव उरलेला असतो, तो आत टाकून दार लावल्यावर मोटर फिरल्याचा आवाज आला आणि फ्लॅश चार्ज झाला की निम्मी परीक्षा तिथेच होते.