ओ’कॅलहन, पॅट्रिक

ओ’कॅलहन, डॉ. पॅट्रिक : (१९०६–१ डिसेंबर १९९१). हातोडाफेकीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे आयरिश खेळाडू व डॉक्टर. जन्म कॉर्क परगण्यात, कँटर्कजवळ. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शिकून १९२६ मध्ये, ऐन विशीत, ते डॉक्टर झाले. काही काळ ब्रिटिश हवाई दलाच्या वैद्यकीय शाखेत काढून ते आयर्लंडला परतले आणि टिपरेरी परगण्यातील क्लॉनमेल येथे स्थायिक झाले.

आयर्लंडच्या मन्स्टर प्रांताने हातोडाफेकीला थोर खेळाडू दिले. जॉन फ्लॅनगन (तीन वेळा), मॅट मॅग्रा आणि पॅडी रायन या तिघांनी १९०० ते १९२० मधली या खेळाची सगळी ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तिघेही मन्स्टरचे, पण अमेरिकेत स्थायिक झाल्यामुळे पदके अमेरिकेच्या नावावर लागली. मायदेशी परतलेल्या फ्लॅनगन यांनीच ओ’कॅलहन यांना शिकवले. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ओ’कॅलहन यांनी ५१.३९ मी. फेक करून स्वीडनच्या ओसियन शोल्ड यांना अवघ्या १० सेंमी.नी मागे टाकले. स्वतंत्र आयर्लंडचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. आपल्या देशाला स्वतःचा ध्वज व राष्ट्रगीत आहे हे जगाला दिसले, याचे मोल त्यांना विजयाहून अधिक वाटले.

लॉस अँजेलिसला (१९३२) फेकीचे वर्तुळ फारच टणक निघाले. बुटांचे लांब खिळे त्यात रुतेनात, त्यामुळे गिरकी घेताना पाय ठरेना. त्याच दिवशी ४०० मी. अडथळ्यांची शर्यत जिंकणारे सहकारी बॉब टिस्डॉल यांच्या मदतीने त्यांनी ते खिळे कानशीने घासून आखूड केले. अखेरच्या फेकीत हातोडा ५३.९२ मी.वर पडला आणि आघाडीवरचे फिनलंडचे व्हिले पोर्होला मागे पडले.

तिसऱ्या पदकाची संधी मात्र मैदानाबाहेर हुकली. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडसह संपूर्ण बेटाचे प्रतिनिधित्व सोडण्यास आयर्लंडच्या ॲथलेटिक्स संघटनेने नकार दिला, म्हणून आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने तिला निलंबित केले. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत आयर्लंड उतरलेच नाही. ओ’कॅलहन संघटनेशी एकनिष्ठ राहिले. १९३७ मध्ये फर्मॉय येथे त्यांनी ५९.५५ मी. फेक केली. रायन यांचा १९१३ पासूनचा ५७.७७ मी.चा विश्वविक्रम तिने मागे टाकला, पण निलंबनामुळे तिला मान्यता मिळाली नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या एर्विन ब्लास्क यांच्या नावे अधिकृत विश्वविक्रम नोंदला गेला, तो ५९ मी.चा.