ढगांमागचा सूर्य, घाटावरचा वारा

गोव्यात सौरऊर्जेची खरी परीक्षा जुलैमध्ये होते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे एका चौरस मीटर जमिनीवर दिवसाला सहा युनिटांहून अधिक ऊर्जा उन्हातून येते. जुलैत ती जवळपास निम्म्यावर घसरते. पणजीत वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. ढगाळ दिवशी पॅनेल पूर्ण बंद पडत नाही, कारण ढगांतून विखरून आलेल्या प्रकाशावरही वीज तयार होते. पण एप्रिलमधले आकडे बघून ज्याने बिलाचा हिशेब मांडला, त्याची पावसाळ्यात निराशा होते.

सूर्य मात्र आपल्यावर उदार आहे. गोवा साधारण 15.5 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तो वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. पहिली खेप आपल्याला पुरेपूर मिळते. दुसरी बहुतेक ढगांतच जाते.

सौरऊर्जा सुधारायची म्हटली की सगळ्यांचे लक्ष आधी पॅनेलकडे जाते. 1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बनलेला सिलिकॉनचा सौरघट उन्हातली जेमतेम 6 टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल 20 ते 23 टक्क्यांपर्यंत पोचले आहे. एकाच पदार्थाच्या घटाला नैसर्गिक मर्यादा असते, हे शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी 1961 मध्येच दाखवून दिले; आज ती साधारण 33 टक्के मानतात. त्यावर उपाय म्हणून आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर देतात. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचा सिलिकॉन तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. अशा दुहेरी घटाने 2024 मध्ये प्रयोगशाळेत 34.6 टक्के गाठले. काम मोठेच आहे. पण रात्री आठ वाजता 34 टक्क्यांचे पॅनेलही शून्य देते आणि 20 टक्क्यांचेही शून्यच देते.

म्हणूनच मला वाटते, गोव्यापुढचा प्रश्न सर्वांत चांगले पॅनेल कोणते हा नाही. पॅनेलच्या जोडीला काय ठेवायचे, हा आहे. उन्हाळ्यातली उष्णता, पावसाळ्यातले ढग, संध्याकाळचा अंधार आणि जमिनीची टंचाई या चार वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांना एकच औषध चालत नाही.

आधी उष्णता. पॅनेलची क्षमता कारखान्यात मोजतात ती घटाचे तापमान 25 अंश धरून. एप्रिलच्या दुपारी मडगावात गच्चीवरच्या पॅनेलचा घट 60 अंशांच्या पुढे सहज जातो. सिलिकॉनच्या घटाची वीज दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच दहा-बारा टक्के वीज उष्णतेपायी जाते. ही उष्णता फुकट घालवायची कशाला? पॅनेलच्या पाठीला पाण्याच्या नळ्या बसवल्या की पॅनेल थोडे थंड राहते आणि कोमट पाणीही मिळते. एकाच छपरावर वीज आणि पाणी तापवणे अशी ही जोडणी युरोपात बरीच वर्षे वापरात आहे. घरगुती वापरासाठी ती अजून महाग पडते. पण कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यातल्या हॉटेलांना बाराही महिने आंघोळीचे पाणी लागते, त्यांचे छप्पर मर्यादित असते आणि हंगाम नेमका नोव्हेंबर ते मार्च या स्वच्छ उन्हाच्या दिवसांत असतो. अशा ठिकाणी हिशेब जमण्याची शक्यता चांगली आहे.

आता पावसाळा. जो नैर्ऋत्य वारा गोव्यावर ढग आणतो, तोच पुढे सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या जोरात फिरवतो. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याचे पठार किंवा कर्नाटकातले गदग-चित्रदुर्ग, सगळीकडे हेच चित्र. तिथली वर्षभरातली बरीचशी पवनवीज मॉन्सूनच्या महिन्यांतच तयार होते. पवनऊर्जेचे गणितही विलक्षण आहे: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे आपल्या पॅनेलवर ढगांची सावली असते, त्याच दिवसांत घाटावरची पाती भरात असतात. रात्रीसुद्धा वारा बऱ्याचदा सूर्याची उणीव भरून काढतो.

गोव्याच्या किनाऱ्यावरचा वारा मोठ्या पवनचक्क्यांना पुरेसा नाही. त्यामुळे ही वीज विकत घ्यावी लागेल. त्यात वावगे काही नाही. आपली बहुतेक वीज आजही राज्याबाहेरूनच येते आणि त्यात केंद्राच्या कोळशावरच्या प्रकल्पांचा वाटा मोठा आहे. बाहेरून घ्यायचीच असेल तर सूर्य आणि वारा एकत्र बांधलेली वीज मागावी, असे मला वाटते.

याला कारण खर्चाचे आहे, आणि ते जरा सावकाश समजून घ्यायला हवे. 2010 ते 2020 या दशकात मोठ्या सौरप्रकल्पांतल्या विजेचा जागतिक सरासरी खर्च सुमारे 85 टक्क्यांनी उतरला. भारतात 2017 च्या मध्य प्रदेशातल्या रीवा सौरप्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला 2 रुपये 97 पैसे हा दर आला, तेव्हा ती मोठी बातमी होती. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या एका लिलावात तो 1 रुपया 99 पैशांपर्यंत खाली आला. पॅनेल स्वस्त झाले तसा बाकीच्या गोष्टींचा वाटा वाढला: जमीन, ट्रान्सफॉर्मर, आणि वीज वाहून नेणारी वाहिनी. समजा 100 मेगावॉटची वाहिनी टाकली. ती वर्षभर पूर्ण भरून वाहिली तर 87.6 कोटी युनिट नेईल. पण तिला फक्त 100 मेगावॉटचे पॅनेल जोडले, तर 20 टक्के उपयोगाच्या हिशेबाने (म्हणजे पूर्ण क्षमतेने सतत चालल्यास मिळेल त्याच्या 20 टक्केच वीज प्रत्यक्षात धरून) वर्षाला सुमारे 17.5 कोटी युनिट मिळतात. उरलेला वेळ वाहिनी रिकामी. त्याच वाहिनीला 80 मेगावॉटच्या पवनचक्क्या जोडल्या आणि त्यांचा उपयोग 30 टक्के धरला, तर आणखी 21 कोटी युनिट येतात. ऊन आणि वारा दोन्ही एकदम जोरात असतील तेव्हा थोडी वीज सोडून द्यावी लागेल. पण तेवढ्याच वाहिनीवर, तेवढ्याच उपकेंद्रावर दुपटीच्या आसपास वीज मिळाली. युनिटमागचा वाहतुकीचा खर्च त्याच प्रमाणात खाली येतो.

केंद्र सरकारने 2018 मध्ये पवन-सौर संकरित धोरण आणले ते याच विचाराने. दोन्हींपैकी एकाची क्षमता दुसऱ्याच्या किमान 25 टक्के असली तरच प्रकल्पाला संकरित म्हणायचे, असा त्यात नियम आहे. राजस्थानात जैसलमेरला 390 मेगावॉटचा असा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. कच्छमधल्या खावड्याचे ऊर्जा उद्यानही सूर्य आणि वारा दोन्ही धरूनच आखलेले आहे.

घराच्या पातळीवर या चर्चेला वेगळेच वळण लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेला 78 हजार रुपये अनुदान मिळते. त्यामुळे गोव्यातही छपरांवर पॅनेल दिसू लागले. पण जूनच्या पहिल्या वादळात माडाची झावळी तारेवर पडून बत्ती गेली की पॅनेलवाल्याच्या घरातही अंधार होतो. याने लोक गोंधळतात. साधा सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, वीज खात्याच्या तारेतली वीज असेपर्यंतच चालतो. ती गेली की तो मुद्दाम स्वतःला बंद करतो, नाहीतर तुमच्या छपरावरची वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या हातात जाईल. बॅटरी जोडलेला संकरित इन्व्हर्टर घेतला, तर तो बाहेरची तार तोडून घरापुरती वीज चालू ठेवतो. दिवसाची शिल्लक संध्याकाळी वापरता येते, ते वेगळेच. घरात लावायला लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी मला योग्य वाटते, कारण ती इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा उष्णता चांगली सोसते.

माडांच्या सावलीचाही विचार आधीच करावा. पॅनेलमधले घट एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावली पूर्ण रांगेची वीज खाली खेचू शकते. भोवती माड-पोफळी असलेल्या कौलारू घरांत प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर बसवणे थोडे महाग पडले तरी हिताचे ठरते. किनाऱ्यालगत असाल तर खाऱ्या हवेची चाचणी झालेलेच पॅनेल मागा. त्यासाठी आयईसी 61701 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

संध्याकाळच्या विजेसाठी ओला कचराही हातभार लावू शकतो. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज तयार होते. प्रमाण लहान आहे, पण गॅस साठवता येतो आणि सूर्य मावळल्यावर जाळता येतो.

आता पाणी. माझ्या मते गोव्याने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यायला हवे. आपल्याकडे मोकळी सपाट जमीन नाही. जी आहे ती शेती, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), जंगल किंवा वस्ती. पॅनेल पाण्यावर तरंगवले तर जमिनीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो, बाष्पीभवन कमी होते आणि पॅनेल काहीसे थंड राहते. तेलंगणात रामगुंडमच्या जलाशयावर 100 मेगावॉटचा तरंगता प्रकल्प 2022 मध्ये पूर्ण झाला. केरळच्या कायमकुळमलाही असा मोठा प्रकल्प आहे. साळावली किंवा अंजुणे धरणावर असे काही करायचे तर पावसाळ्यात वेगाने चढणारी पातळी आणि सांडव्याकडची ओढ यांचा विचार नांगर टाकण्याआधी करावा लागेल. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर किती भाग झाकायचा, हाही नाजूक प्रश्न आहे.

पण मला जास्त खुणावतात ते डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथले खाणींचे खंदक. लोहखनिज काढून झाल्यावर उरलेले हे खड्डे पावसाच्या आणि भूजलाच्या पाण्याने भरले आहेत. काहींचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेला आहे. शेजारी खनिजाच्या टाकाऊ मातीचे उंच डंप आणि त्यांच्याही वर नैसर्गिक डोंगर. पाण्याचा साठा खाली, उंची वर: उदंचन जलविद्युत प्रकल्पाला नेमके हेच लागते. दुपारी सौरवीज जास्त असताना पाणी वर चढवायचे, संध्याकाळी तेच टर्बाइनमधून खाली सोडायचे. घातलेल्या विजेपैकी 70 ते 80 टक्के परत मिळते. महाराष्ट्रात घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प 2008 पासून चालू आहे.

खाणीत हे करता येते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलँडमधल्या किडस्टन इथे सोन्याची बंद पडलेली खाण होती. तिथे आधी 50 मेगावॉटचे सौरकेंद्र उभे राहिले आणि मग जुन्याच खड्ड्यांचा आधार घेऊन 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हाती घेतला गेला. तो आठ तास वीज देऊ शकेल अशी त्याची आखणी आहे.

आपल्या खंदकाचे गणित करून बघू. समजा वापरता येण्यासारखे पाणी 10 लाख घनमीटर आणि वरच्या-खालच्या तळ्यांतला फरक 60 मीटर. तेवढ्या पाण्यात सुमारे 1 लाख 63 हजार युनिट ऊर्जा साठते. टर्बाइनमध्ये वाया जाणारी ऊर्जा वजा करता साधारण 1 लाख 47 हजार युनिट हाती येतील. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एका घराला 6 युनिट धरली, तर ही साठवण जवळपास साडेचोवीस हजार घरांना पुरते. त्याच खंदकावर पॅनेल तरंगवले तर वीज तयार होण्याची आणि साठण्याची जागा एकच होते आणि वाहिनीही एकच लागते.

अडचणी खऱ्या आहेत. आपल्या खंदकांच्या कडा किडस्टनच्या कातळासारख्या नाहीत. जांभा आणि मातकट थर रोज वर-खाली होणाऱ्या पाण्याने सुटू शकतात आणि डंप पावसात घसरतात हे खाणपट्ट्यातल्या गावांना नव्याने सांगायला नको. त्यांच्या शेतांत वर्षानुवर्षे तो गाळ उतरला आहे. काही खंदकांतले पाणी उन्हाळ्यात शेतीला आणि नळांना लागते. तिथल्या विहिरींची पातळीही त्यांच्याशी जोडलेली असते. म्हणून वरचे तळे डंपवर नव्हे तर पक्क्या डोंगरावर असावे, आणि खंदकाची निवड गावाच्या संमतीनेच व्हावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही. कोणत्या खंदकात किती पाणी उरते, कडा किती उताराच्या आहेत, खडक किती खोलीवर लागतो आणि विहिरी कुठे आहेत, याची मोजणी आधी व्हावी. तिला धरण बांधण्याइतका खर्च येत नाही आणि ती पुढच्या उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना, सुरू करता येते.